हिमसागराच्या प्रवाहांचा शोधयात्री

पुरात वाहत येणाऱ्या ओंडक्यांवरून कोल्हापूरकर पंचगंगेची ओढ जोखतात. नॉर्वेचे संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन (१८६१-१९३०) यांनी अशाच वाहून आलेल्या अवशेषांच्या भरवशावर स्वतःसह तेरा जणांचे प्राण पणाला लावले. सैबेरियाच्या उत्तरेस १८८१ मध्ये बुडालेल्या 'जीनेट' या अमेरिकी जहाजाचे अवशेष तीन वर्षांनी ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर सापडले होते. ध्रुवाकडील बर्फ प्रवाहासह सरकतो, असे अनुमान नान्सेन यांनी त्यावरून काढले. अनेक तज्ज्ञांचा विरोध पत्करून १८९३ मध्ये त्यांनी 'फ्राम' हे जहाज मुद्दाम बर्फात अडकवून घेतले. १८९६ मध्ये जहाज बर्फातून मुक्त झाले आणि तेराही जण सुखरूप परतले.

अटलांटिकमधून उत्तरेकडे येणारे उबदार पाणी दरवर्षी सारखे नसते व त्याचे पडसाद हवामानावर उमटतात, हे त्यांनी ब्यॉर्न हेलंड-हान्सेन यांच्यासह १९०९ मध्ये मांडले. निर्वासितांसाठी केलेल्या कार्याबद्दल त्यांना १९२२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक लाभले.

या पाण्यातील बदल टिपण्यासाठी भारतीय शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये स्वालबार्डच्या कोंग्सफ्योर्डमध्ये 'इंडआर्क' ही वेधयंत्रणा बसवली. गोव्यातील ध्रुवीय संशोधन केंद्राचा त्यात सहभाग होता. नान्सेन यांनी हाती घेतलेली मोजणी अशी पुढे चालू राहिली.