बसलेली बॅटरी भंगारात देण्याआधी गास्तों प्लान्टेची गोष्ट वाचा

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात लाईट गेली की सगळ्यांची नजर आधी मोबाईलच्या चार्जिंगवर जाते आणि मग इन्व्हर्टरवर. या उन्हाळ्यात दारव्ह्यातल्या आमच्या दुकानाचा इन्व्हर्टर दहा मिनिटांतच टीं-टीं करून बंद पडला. दिवाळीनंतर चार महिने दुकान बंद होतं, आणि १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी तशीच रिकामी पडून होती. मीटर लावला तर जेमतेम ११.४ व्होल्ट. बाबा म्हणाले, भंगारात देऊन टाकू. पण नवीन बॅटरी घ्यायची म्हणजे पेरणीच्या बियाण्याच्या पैशाला हात लावायचा. म्हणून मी आधी ही बॅटरी मुळात बनली कशी ते वाचायला घेतलं, आणि तिथे मला गास्तों प्लान्टे भेटला.

पक्ष्याची हाडं आणि शिशाचे पत्रे

प्लान्टेचा जन्म २२ एप्रिल १८३४ चा, फ्रान्समधल्या ऑर्थेझ गावचा. विसाव्या वर्षी तो पॅरिसमधल्या एका नामांकित तंत्रशिक्षण संस्थेत भौतिकशास्त्राचा सहायक म्हणून लागला. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, त्याला पॅरिसजवळ एका प्रचंड, न उडणाऱ्या प्राचीन पक्ष्याचे जीवाश्म सापडले. त्या पक्ष्याला त्याच्याच नावावरून गॅस्टॉर्निस म्हणतात. एवढं नाव झाल्यावर दुसरा कुणी हाडंच खोदत बसला असता. हा मात्र विजेकडे वळला.

त्या काळातले सेल एकदा संपले की संपले. आतलं रसायन बदलल्याशिवाय ते पुन्हा चालत नसत. प्लान्टे वेगवेगळे धातू आम्लात बुडवून त्यातून करंट सोडायचा, मग करंट बंद करून उलटा किती परत येतो ते बघायचा. शिसं सगळ्यांत पुढे निघालं. १८५९ मध्ये त्याने शिशाचे दोन लांब पत्रे घेतले, ते एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये कापड ठेवलं, गुंडाळी केली आणि ती पातळ गंधकाम्लात बुडवली. पुन्हा पुन्हा चार्ज होणारी जगातली पहिली कामाची बॅटरी ती हीच. १८६० मध्ये त्याने अशा नऊ सेलची बॅटरी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली.

महिनोन् महिने चार्ज-डिस्चार्ज

नव्या कोऱ्या शिशाच्या पत्र्यात चार्ज फारसा मावत नाही. प्लान्टे तो पत्रा चार्ज करायचा, रिकामा करायचा, मध्ये विश्रांती द्यायचा, कधी करंटची दिशाही उलटी करायचा. असं आठवडे, महिने चालायचं. दर फेरीला पत्र्याचा वरचा थर जास्त सच्छिद्र व्हायचा, आम्लाला जास्त जागा मिळायची आणि क्षमता वाढायची.

त्यात डायनॅमो अजून बाजारात यायचा होता. म्हणजे बॅटरी तयार, पण चार्जरच नाही! त्याला जुन्या रासायनिक सेलवरूनच ती भरावी लागे. चांगले डायनॅमो १८७० नंतर आले. १८८१ च्या सुमारास कामिय फोर या दुसऱ्या फ्रेंच माणसाने प्लेटवर शिशाच्या ऑक्साइडची पेस्ट लावली, महिन्यांचं काम झटक्यात आटोपलं आणि कारखाने सुरू झाले. प्लान्टे मात्र आपल्या सेलमधून मोठाल्या ठिणग्या पाडून आकाशातल्या विजेचा अभ्यास करत राहिला. २१ मे १८८९ ला, ५५ व्या वर्षी तो गेला.

मग आमच्या बॅटरीचं काय झालं?

बॅटरी रिकामी होताना दोन्ही प्लेटवर लेड सल्फेटचे बारीक कण बसतात. लगेच चार्ज केली तर ते परत विरघळतात. महिनोन् महिने तशीच ठेवली की कण मोठे आणि टणक होतात. यालाच सल्फेशन म्हणतात. त्यात आपल्याकडचा उन्हाळा! उन्हात पडून राहिलेली बॅटरी स्वतःहूनच लवकर रिकामी होते.

बॅटरीवाल्या काकांना बोलावलं. दोन सेलच्या प्लेट उघड्या पडल्या होत्या. त्यांनी प्लेट बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर टाकलं आणि ७ अँपिअरवर हळू चार्जिंग लावलं. पूर्ण चार्ज, मग दोन पंख्यांवर रिकामी, की लगेच परत चार्ज. प्लान्टेचीच पद्धत! पहिल्या फेरीनंतर हायड्रोमीटरने पाच सेल १.१७ दाखवले, सहावा १.१२. तिसऱ्या फेरीनंतर पाच सेल १.२२ वर आले, सहावा १.१७ वरच अडला. आमच्या बॅटरीला पूर्ण चार्जला १.२४ लागतं. पूर्वी चार तास चालायची, आता अडीच तास चालते. सहावा सेल कधीतरी दगा देणारच, पण यंदाचं बियाणं घरात आलं.

एवढं लक्षात ठेवा

- बॅटरी रिकामी ठेवू नका. घर बंद ठेवणार असाल तर फुल चार्ज करून तारा काढा आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत चार्ज करा.
- बोअरचं पाणी चुकूनही टाकू नका. आपल्याकडच्या पाण्यातले क्षार प्लेट खराब करतात. फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका, तेही पूर्ण चार्ज झाल्यावर खुणेपर्यंत.
- स्वतःहून ॲसिड टाकू नका. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं.
- चार्जिंग होताना हायड्रोजन निघतो. खिडकी उघडी ठेवा, जवळ बिडी-काडी नको. झाकण उघडताना चष्मा आणि हातमोजे घाला.
- एखादा सेल आतून शॉर्ट झाला असेल किंवा प्लेट झडल्या असतील, तर कितीही फेऱ्या करा, उपयोग नाही. अशी बॅटरी दुकानदाराला परत द्या, शिसं विषारी असतं.

आणि हो, मोबाईलची लिथियम बॅटरी वेगळी. तिला कायम शंभर टक्के भरून ठेवणं मानवत नाही, इन्व्हर्टरच्या बॅटरीला मात्र तेच आवडतं. घरच्या बॅटरीचं पाणी शेवटचं कधी बघितलं होतं, ते आज एकदा बाबांना विचारा.