विष्णुदास भावे

इ. स. १८४२ च्या सुमारास उत्तर कानडा जिल्ह्यातील कर्की येथील भागवत मंडळी सांगलीस आली. त्यांचे पौराणिक खेळ कानडी भाषेत होत. सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांना त्यांतील धांगडधिंगा रुचला नाही. परंतु सोंगे आणून कथा उभी करण्याची रीत मात्र मनात भरली. असे खेळ मराठीत, अधिक नेटकेपणाने करण्याची आज्ञा त्यांनी आपल्या पदरच्या एका तरुणास केली. विष्णु अमृत भावे हे त्याचे नाव. कविता रचण्याचा आणि लाकडी बाहुल्या घडविण्याचा त्याला नाद होता.

काम सोपे नव्हते. प्रतिष्ठित घरांतील मुलांनी तोंडाला रंग फासावा, स्त्रीवेष घ्यावा, हे त्या काळच्या लोकांना मुळीच मान्य नव्हते. राजाश्रय होता म्हणूनच नट मिळाले, पोशाख शिवले गेले, आणि १८४३ मध्ये सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. सूत्रधार विष्णुदासांची पदे गाई, आरंभी गणपती व सरस्वती येत, आणि पात्रे आपापली भाषणे ऐन वेळी स्वतःच जुळवून बोलत. लिहिलेला संवाद नाही, पाठांतर नाही! आजच्या नटास ऐकूनच घाम फुटेल.

१८५१ मध्ये आप्पासाहेब निवर्तले आणि राजाश्रय तुटला. उभी केलेली मंडळी, तिच्यापायी झालेले कर्ज आणि नटांची पोटे यांचा भार विष्णुदासांवर येऊन पडला. मंडळी मोडून स्वस्थ बसावे, की गावोगाव फिरून प्रेक्षकांच्या पैशावर ती चालवावी? धन्याच्या दिवाणखान्यात ज्या खेळाची वाहवा होई, तो पैसे मोजून पाहावयास अनोळखी माणूस येईल, याची शाश्वती कोण देणार? विष्णुदासांनी दुसरी वाट धरली आणि मंडळी घेऊन ते सांगलीबाहेर पडले.

१८५३ मध्ये ते मुंबईस पोहोचले. ग्रँट रोडवर एक नाटकगृह होते. जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने उभे राहिलेल्या या नाटकगृहात मुख्यतः इंग्रजी खेळ होत. तेथे विष्णुदासांनी तिकिटे लावून मराठी खेळ केले, आणि लोक आले. त्याच वर्षी पारशी नाटक मंडळीही त्याच नाटकगृहात उतरली. मुंबईच्या प्रेक्षकांत मराठी, गुजराती, पारशी, उत्तर हिंदुस्थानी असे नाना तऱ्हेचे लोक होते. हे जाणून विष्णुदासांनी गोपीचंदाचे आख्यान हिंदीतून केले. कानडी खेळावरून मराठी खेळ बेतणाऱ्या माणसास यात संकोच वाटण्याचे कारणच नव्हते.

यशाबरोबर स्पर्धाही आली. इचलकरंजीकर, आळतेकर अशा मंडळ्या निघाल्या. विष्णुदासांनी काढलेली वाट आता पुष्कळांची झाली, आणि प्रेक्षकही वाटले गेले. पुढे ते नाटकधंदा सोडून सांगलीस परतले. १८८५ मध्ये त्यांनी आपली पदे ‘नाट्यकविता संग्रह’ या पुस्तकात छापून काढली. तोवर मराठी रंगभूमीचे रूप पालटले होते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत नाटकांना गर्दी लोटत होती, आणि नट आता लिहिलेली भाषणे पाठ करून बोलत होते. ९ ऑगस्ट १९०१ रोजी विष्णुदासांचे निधन झाले.