केडगावच्या रमाबाई

दोन वर्षांपूर्वी लेकीच्या ऑपरेशनसाठी दौंडहून पुण्याला निघाले होते. पोटात भीतीचा गोळा. गाडी केडगावला थांबली, पाटी दिसली आणि पंडिता रमाबाई आठवल्या.

मैत्रिणींनो, भीती त्यांच्याइतकी कुणी पाहिली असेल? १८५८ चा जन्म. आईवडिलांनी पोरीला संस्कृत शिकवलं. तीर्थयात्रा करत फिरणारं हे कुटुंब दुष्काळात सापडलं. १८७४ मध्ये वडील गेले, मागोमाग आई, मग थोरली बहीण. भावाबरोबर उपाशीपोटी त्यांनी पायी देश पालथा घातला. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ म्हणून गौरवलं खरं, पण १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये नवरा. पदरात वर्षाचीही न झालेली मनोरमा.

१८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे लोक चिडले. पण देवाचं वचन आपल्यासाठीही आहे, ही खात्री त्यांच्या मनाला पटायला पुढे आठ वर्षं लागली. मला हे फार जवळचं वाटतं. विश्वास काही एका रात्रीत येत नाही.

कसोटी लागली १८९७ च्या दुष्काळात. विधवांसाठी १८८९ मध्ये काढलेल्या शारदा सदनाला अमेरिकेतून दहा वर्षं मदत कबूल झाली होती. ती मुदत संपत आलेली. तरी देव पुरवील या भरवशावर रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. भुकेल्या मुलींत त्यांना आपलंच लहानपण दिसलं. सुमारे तीनशे जणींना त्यांनी आणलं. पुण्यात प्लेगची साथ, एवढ्या जणींना शहरात ठेवायला बंदी. मग केडगावच्या माळावर बिऱ्हाड हललं आणि ‘मुक्ती’ उभी राहिली.

तिथे बाई नुसत्या हात जोडून बसल्या नाहीत. प्रार्थना केली, आणि विहिरीही खोदल्या. शेती केली, मुलींना छापखाना शिकवला. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या आसपास जीव जेवत होते.

१९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी साध्या मराठीतलं बायबलचं भाषांतर पुरं करूनच ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी डोळे मिटले.

त्या दिवशी माझी भीती गेली, असं म्हणणार नाही. पण देवाचं नाव घेतलं आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीत लिहून काढले. आपल्या वाट्याची विहीर आपणच खोदायची, पाणी लागेल हा भरवसा त्याच्यावर टाकायचा, एवढं मी केडगावकडून शिकले.