ॲलिस हॅमिल्टन: बेंझिनचा धोका ओळखणारी डॉक्टर

बायोप्सीचा तुकडा मायक्रोस्कोपखाली जाण्याआधी फॉर्मॅलिन, अल्कोहोल, झायलीन आणि पॅराफिन मेण अशा टप्प्यांतून जातो. अल्कोहोल आणि मेण एकमेकांत नीट मिसळत नाहीत, म्हणून मधे झायलीन लागतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत हा ॲडॅप्टर. पण त्याच्या वाफेने डोकं दुखतं, चक्कर येते. पूर्वी याच कामाला बेंझिनही वापरायचे, आणि ते तर अस्थिमज्जेवरच घाला घालतं.

हा धोका लोकांपुढे आणणाऱ्यांत ॲलिस हॅमिल्टन यांचं नाव मोठं आहे. जन्म १८६९, न्यूयॉर्क. १८९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. पुढे पॅथॉलॉजी शिकवायला शिकागोला आल्या आणि हल हाउस या सेवाकेंद्रात राहू लागल्या. आजूबाजूला सगळी स्थलांतरित कामगारांची वस्ती. कारखान्यांतली विषबाधा त्यांनी तिथे जवळून पाहिली.

१९१० मध्ये इलिनॉय राज्याच्या पाहणीची सूत्रं त्यांच्याकडे आली. त्यांची पद्धत मला फार आवडते: कारखान्यात स्वतः जायचं, दवाखान्यांच्या नोंदी तपासायच्या, कामगारांच्या घरी जाऊन विचारायचं. म्हणजे थेट लॉग वाचून डीबगिंग!

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत बेंझिन मुबलक झालं आणि रबर उद्योगात द्रावक म्हणून शिरलं. १९२२ मध्ये हॅमिल्टन यांनी लेख लिहून या वाढत्या धोक्याचा इशारा दिला. १९२६ मध्ये नॅशनल सेफ्टी काउन्सिलच्या समितीनेही कमी विषारी द्रावकांकडे वळायला सांगितलं. मास्क आणि पंखा हा झाला पॅच, द्रावकच बदलणं हा खरा फिक्स.

१९१९ मध्ये त्या हार्वर्डच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. पण पदवीदानाच्या मिरवणुकीत त्यांना जागा नव्हती, आणि १९३५ मध्ये निवृत्त होईपर्यंत बढतीही मिळाली नाही. सप्टेंबर १९७० मध्ये, वयाच्या १०१व्या वर्षी त्या गेल्या. त्याच डिसेंबरमध्ये अमेरिकेत कामगार सुरक्षेचा मोठा कायदा झाला.

पुढे अनेक ठिकाणी बेंझिनच्या जागी टोल्युइन आणि झायलीन आलं. आता झायलीनलाही पर्याय आहेत: आयसोप्रोपाइल अल्कोहोल, किंवा संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन. मात्र लिमोनीनने काहींना त्वचेची ॲलर्जी होते. त्यामुळे बाटलीवर ‘नैसर्गिक’ लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. हॅमिल्टन यांच्यासारखं, ते रोज हाताळणाऱ्या टेक्निशियनला आधी विचारा.