संत कामिलस आणि शुश्रूषा करणाऱ्यांचे भय



जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे वर्ष परिचारिका व सुईणींचे वर्ष म्हणून आधीच जाहीर केले होते. नेमके त्याच वर्षी कोरोना आला. रुग्णालयात काम करणाऱ्या आपल्या लेकी-सुना ड्युटीवरून आल्या की आंघोळ केल्याखेरीज मुलाला जवळ घेत नसत. आपल्याला आजार होईल यापेक्षा आपण तो घरी नेऊ, हीच धास्ती त्यांना अधिक होती. त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या, थाळ्याही वाजल्या. पण त्यांच्या धास्तीची विचारपूस फारशी झाली नाही. १४ जुलैला ज्यांचा सण येतो, त्या संत कामिलस दे लेल्लिस यांचे सारे आयुष्य अशा शुश्रूषकांमध्ये गेले.

त्यांचा जन्म इटलीतील बुक्यानिको गावी १५५० साली झाला. उंच, धिप्पाड, रागीट असा हा तरुण वडिलांप्रमाणे सैनिक झाला आणि जुगारात अंगावरच्या कपड्यांसह सारे हरला. पायाला झालेली जखम बरी होईना, म्हणून तो रोमच्या सान जाकोमो रुग्णालयात गेला. उपचार घेता घेता तिथेच नोकर म्हणून राहिला. पण जुगार व भांडणे सुटेनात, तेव्हा त्याला काढून टाकण्यात आले. १५७५ साली कापुचिन मठाच्या बांधकामावर मजुरी करत असताना त्याचे हृदयपरिवर्तन झाले. त्याला कापुचिन व्हायचे होते, पण पायाच्या जखमेमुळे त्याला मठात राहता आले नाही. पुन्हा सान जाकोमो! या खेपेस मात्र कामिलस तिथे सेवक म्हणून टिकले आणि पुढे रुग्णालयाचे व्यवस्थापक झाले.

तिथे त्यांना रोज दिसे ते असे: पगारी नोकर रुग्णांकडे पाठ फिरवत, मरणासन्न माणसाजवळ जाण्याचे टाळत. जिवंत असलेल्यालाही घाईघाईने मृतांत काढले जाई. त्या नोकरांना दुष्ट म्हणणे सोपे आहे. आम्हांला तसे वाटत नाही. तुटपुंजा पगार, समोर संसर्ग आणि पाठीशी कोणी नाही, अशा स्थितीत माणूस आधी स्वतःचा जीव वाचवतो.

१५८२ साली कामिलस यांच्या मनात आले की, पैशासाठी नव्हे तर प्रेमापोटी रुग्णसेवा करणाऱ्यांचा एक समूह असावा. रुग्णालयाच्या चालकांना ते रुचले नाही. त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक संत फिलीप नेरी यांनाही त्यांनी सान जाकोमो सोडणे पसंत नव्हते. कामिलस यांनी मात्र १५८४ साली गुरुदीक्षा घेतली आणि वेगळे काम सुरू केले. १५८६ साली पोप सिक्स्तस पाचवे यांनी या समूहाला मान्यता दिली व काळ्या झग्यावर लाल क्रूस लावण्याची परवानगी दिली. १५९१ साली तो धर्मसंघ झाला. इतर तीन व्रतांबरोबर या बंधूंचे चौथे व्रत होते: प्लेगच्या साथीतही, जीव धोक्यात घालून रुग्णांची सेवा करण्याचे.

व्रताने भय जात नाही. सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटल शिकलो, तोही शूर माणसाला निर्भय म्हणत नाही. पण आज जावे की न जावे, हा रोज सकाळी मन पोखरणारा प्रश्न व्रताने एकदाच सुटतो. आणि तोच प्रश्न सोडवलेले सोबती शेजारी असतात. नेपल्सच्या बंदराबाहेर प्लेगमुळे अडवलेल्या गलबतांवर हे बंधू चढले. त्यांपैकी दोघे तिथे लागण होऊन मरण पावले. घरात कामिलस नियमांना पक्के होते: खिडक्या उघडा, संसर्ग झालेल्यांना वेगळे ठेवा, आहार नीट द्या आणि श्वास थांबल्यासारखा वाटला तरी आणखी पाव तास प्रार्थना चालू ठेवा, म्हणजे कोणी जिवंत पुरला जाणार नाही.

पुढचा भाग संतचरित्रांत सहसा घाईने उरकला जातो. १५९४ साली मिलानच्या मोठ्या रुग्णालयात कामिलस यांनी रुग्णांची रात्रंदिवसाची सारी सेवा आपल्या बंधूंच्या अंगावर घेतली. त्यांच्या स्वतःच्या शक्तीला अंत नव्हता, इतरांच्या होता. बंधू थकत होते, आजारी पडत होते, मरत होते, आणि संघावर कर्ज चढत होते. सहकाऱ्यांनी उघड विरोध केला. आम्हांला ते सहकारी भित्रे वाटत नाहीत. सेवा करणाऱ्यालाही झोप लागते, हे कोणीतरी संतालाही सांगायला हवे होते. वाद पोप क्लेमेंट आठवे यांच्यापर्यंत गेला आणि १६०० साली तोडगा निघाला. १६०७ साली कामिलस यांनी संघप्रमुखपद सोडले.

त्यानंतर ते साधे शुश्रूषक म्हणून रुग्णांमध्येच राहिले. पायाची जखम अखेरपर्यंत भरली नाही. चालणे अशक्य झाले तेव्हा ते अंथरुणातून उतरून, सरपटत दुसऱ्या खाटांपाशी जात आणि कोणाला काही हवे आहे का, ते पाहत. १४ जुलै १६१४ रोजी रोममध्ये त्यांनी देह ठेवला. १७४६ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले आणि १९३० साली पोप पायस अकरावे यांनी त्यांना परिचारिकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.