पुतळे झाले, आता अण्णा भाऊंच्या कागदांकडे पाहा!

दरवर्षी १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठे यांच्या पुतळ्यांना हार पडतात, मिरवणुका निघतात, डीजे लागतो. २००२ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले. सप्टेंबर २०२२ मध्ये तर थेट मॉस्कोत पुतळा उभा राहिला, तोही परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात. आम्हाला याचा आनंदच आहे. परंतु रशियाने त्यांना ग्रंथालयात जागा दिली आणि आम्ही चौकात, हा फरक काही डोक्यातून जात नाही.

अण्णा भाऊंचा जन्म १९२० साली वाटेगावच्या मांगवाड्यात झाला. शाळेशी संबंध आला तो दीड दिवसाचा. वारणेकाठचे हे कुटुंब पोटासाठी पायी चालत मुंबईला आले. हमाली, कोळसा वेचणे, गिरणीतली मजुरी, जे पडेल ते या पोराने केले आणि अक्षरओळखही मुंबईतच पक्की केली. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशातल्या गणाची जागा त्यांनी मातृभूमीला, हुतात्म्यांना आणि कष्टकऱ्यांना दिलेल्या वंदनाला दिली. ही लहान गोष्ट नव्हती! ज्या कलेला प्रस्थापितांनी हलकी ठरवले होते, तीच कला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गर्दी खेचत होती.

ते कम्युनिस्ट होते म्हणून आमच्यातील काहींनी त्यांना बराच काळ दूर ठेवले. पण १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनीच केले आणि १९५९ ची ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. या कादंबरीला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले आणि परतले ते घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत. तीसहून अधिक कादंबऱ्या, कथासंग्रह, लोकनाट्ये, पोवाडे. कथांवर चित्रपट निघाले, झोपडीतले दारिद्र्य मात्र तसेच राहिले. १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी ते गेले.

जमीनजुमला त्यांच्यामागे नव्हता. मागे राहिले ते लिहिलेले कागद, आणि आमच्या मते खरी इस्टेट तीच. कायदाही तसेच मानतो. लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे त्याच्या साहित्याचा हक्क वारसांचा किंवा ज्यांना तो रीतसर लिहून दिला असेल त्यांचा असतो. अण्णा भाऊंच्या बाबतीत ही मुदत ३१ डिसेंबर २०२९ रोजी संपते. त्यानंतर कोणीही उठावे आणि ‘फकिरा’ छापावी. स्वस्त आवृत्त्या निघतील, हे चांगलेच. पण कोणता पाठ छापणार? वारणेकाठची बोली कोणी शुद्ध करून टाकली, जातिव्यवस्थेवरचा घाव कोणी बोथट केला, तर मूळ कशाशी ताडून पाहायचे? राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९९८ साली निवडक वाङ्मयाचा खंड काढला, पण निवडक म्हणजे समग्र नव्हे. पोवाड्यांची अवस्था तर याहून नाजूक. ते गळ्यातून गळ्यात गेले आणि गळ्यागणिक शब्द बदलतात.

सरकार करील म्हणून बसणाऱ्यांनी बाबासाहेबांच्या खंडांचे काय झाले ते आठवावे. नऊ लाख प्रती छापायचे ठरले, कोट्यवधींचा कागद खरेदी झाला आणि चार वर्षांत छापल्या गेल्या ३३ हजार, अशी बातमी आली. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला तिची स्वतःहून दखल घ्यावी लागली. बाबासाहेबांची ही गत, तर शाहिराला कोण विचारतो? म्हणून पहिल्या आवृत्त्या, हस्तलिखिते, पत्रे, जुनी ध्वनिमुद्रणे ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्यांची नोंद करावी, प्रती काढाव्यात. जयंतीच्या वर्गणीतला चौथा हिस्सा जरी या कामी लागला तरी बरेच होईल.

आणि आज हयात असलेल्या आमच्या शाहिरांचे, गायकांचे, चित्रकारांचे काय? मृत्युपत्र ही श्रीमंतांची चैन आहे, असा आपल्या वस्त्यांत समज आहे. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांसमोर सही केली की ते वैध ठरते. ते नसेल तर हक्क सगळ्या वारसांत विभागला जातो आणि एक पुस्तक काढायला दहा जणांच्या दारात जावे लागते. दहावा ‘नाही’ म्हणाला की पुस्तक अडले! कायद्यात एक सोय अशीही आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते. न छापलेल्या गाण्यांची वही शाहिराने मृत्युपत्राने कोणाला दिली, तर वेगळे काही लिहिलेले नसल्यास त्या वहीबरोबर गाण्यांचा हक्कही त्यालाच मिळतो. ती वही घरातल्या वाचणाऱ्या लेकीला द्यायची की विहारातल्या वाचनालयाला, हे शाहिराने हातपाय चालत असतानाच ठरवावे.