तोफांचे नांगर करणारा माणूस

पहिले महायुद्ध १९१४ साली युरोपात पेटले आणि त्याची झळ औंध संस्थानातल्या एका माळरानापर्यंत येऊन पोचली. किर्लोस्करवाडी तेव्हा अवघी चार वर्षांची होती. विलायती नांगर येईनासे झाले म्हणून वाडीच्या नांगरांना गिऱ्हाईक होते, पण ते ओतायला बीड नाही, भट्टीला कोळसा नाही! कारखाना बंद पडता, तर बेळगाव सोडून या काट्याकुट्यांत संसार मांडलेल्या कुटुंबांचे काय झाले असते?

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. घर वेदान्ताच्या अभ्यासाचे. मुलाने चित्रकार व्हावे हेच वडिलांना रुचले नाही, मग लोखंडात हात घालणे दूरच. थोरले बंधू रामुअण्णा मात्र पाठीशी उभे राहिले आणि त्यांनी पाठविलेल्या पैशांवर लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले. तेथे रंगांधळेपण उघडकीस आले. चित्रकला सुटली, यंत्रांची रेखाकृती तेवढी हाती राहिली. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवीत असता बढतीत डावलले गेले, तेव्हा त्यांनी नोकरीच सोडली.

बेळगावात भावाभावांचे सायकलींचे दुकान होतेच. तेथून कडबा कापण्याची यंत्रे निघाली, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, हा शेतकऱ्यांचा समज. पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली. पुढे कारखान्याची जागाही गेली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ माळ दिला, दहा हजार रुपये बिनव्याजी दिले, आणि १९१० साली वाडी वसली.

युद्धाच्या टंचाईत लक्ष्मणरावांची नजर कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफांवर गेली. शाहू महाराजांनी त्या दिल्या. तोफा फोडल्या, वितळवल्या आणि त्यांचे नांगर झाले.

ही गोष्ट सांगताना सारे श्रेय एकट्या लक्ष्मणरावांना देण्याची आपली रीत आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. वसाहतीचा कारभार रामुअण्णांनी पाहिला; आरंभीच्या मंडळींच्या जेवणाखाणाचा भार राधाबाईंनी वाहिला. हिशेबाच्या वहीत या कष्टांना रकाना नसतो. पण पगार थकला तरी माणसे टिकतात, ती अशा घरामुळे. अर्थात त्या घराची मुलांवरही हुकमत होती. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव १९२६ साली अमेरिकेतून इंजिनियर होऊन आले, ते थेट वाडीच्या कारखान्यातच.